जाग येते, ती जात का नाही

पाळी जायच्या वयात झोप बिघडते, एवढं बहुतेकींना कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. ती कशी बिघडते, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मनात निद्रानाशाचं एकच चित्र होतं: दिवा मालवून तासन् तास कूस बदलत राहणारी बाई. माझं तसं काहीच नव्हतं. पाठ टेकली की डोळा लागायचा. आणि मग मध्यरात्र उलटल्यावर, स्वप्न नाही, आवाज नाही, कुणाची हाक नाही, अन् मी टक्क जागी. क्षणभर काही कळत नाही. मग छातीच्या मध्यातून वाफ वर चढू लागते. गळा, कान, कपाळ. मानेखालची उशी ओलसर लागते, छातीतली धडधड कानात ऐकू येते. पांघरूण पायांनी लोटून द्यावं, तर घाम वाळता वाळता अशी हुडहुडी भरते की तेच पांघरूण अंधारात चाचपडत पुन्हा ओढून घ्यावं लागतं.

हे सगळं काही मिनिटांत आटोपतं. शरीर निवतं. झोप मात्र पुढचे तास-दीड तास फिरकत नाही.

मला जे सांगायचंय ते या दोन गोष्टींबद्दल आहे. जाग येणं ही एक गोष्ट, आणि आलेली जाग न जाणं ही दुसरी. बाहेरून दोन्ही एकच वाटतात, कारण त्या एकाच रात्री, एकाच अंथरुणात घडतात. पण त्यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. कितीतरी बायका पहिलीवरचा उपाय दुसरीवर करून बघतात, गुण येत नाही म्हणून निराश होतात आणि शेवटी 'आता हे असंच' म्हणून सोडून देतात. ते सोडून देणं मला फार लागतं.

आधी जाग का येते ते बघू. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. साधारण ४५ ते ५५ या वयात तो येतो. चाळिशीच्या आत आला तर अकाली समजतात, आणि अशा वेळी तपासण्या नि उपचार टाळू नयेतच, कारण हाडांचा आणि हृदयाचाही प्रश्न असतो. झोपेची उलथापालथ मात्र पाळी पुरती जाण्याच्या आधीच्या काही वर्षांतच सुरू होते. त्या वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन शिस्तीत कमी होत जात नाही. एका महिन्यात ते नेहमीपेक्षा चढं असतं, पुढच्या महिन्यात तळाला. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गोष्ट आणखी वेगळी. बीज सुटलं तरच ते पुरेसं तयार होतं, आणि या काळात कितीतरी पाळ्यांमध्ये बीज सुटतच नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं. मेंदूला शांत करणारी जी 'गाबा'ची यंत्रणा आहे, तिला ते बळ देतं. झोपेच्या कितीतरी गोळ्यासुद्धा याच यंत्रणेवर काम करतात. म्हणजे इतकी वर्षं शरीर दर महिन्याला आपलं आपणच जे शामक बनवत होतं, त्याचा पुरवठा आता अनियमित होतो. झोप पातळ होते ती अशी.

या वाफांचं, म्हणजे हॉट फ्लॅशेसचं, मूळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तिथे काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा वचक असतो. तो सुटला की या पेशी आकाराने वाढतात, जास्त उत्तेजित होतात आणि शेजारच्या तापमान-नियंत्रणाच्या केंद्राला उगाच इशारे देत राहतात. एरवी शरीराचं तापमान थोडं वरखाली झालं तरी मेंदू दखल घेत नाही. आता ती सूट फार अरुंद होते. अंशाचा लहानसा भाग तापमान चढलं, तरी शरीर पेटल्यासारखं मेंदू वागतो: कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतो, घाम सोडतो. हे समजल्यावर मला फार हलकं वाटलं. 'मन खंबीर ठेव, लक्ष देऊ नको' असा सल्ला देणाऱ्यांना मी आता या पेशींबद्दल सांगते. याच पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झालं. त्यात हार्मोन नाही. ते घेताना यकृताच्या तपासण्या मात्र कराव्या लागतात.

आणि हे किती काळ चालतं? मला सुरुवातीला कुणीतरी 'वर्षभरात निघून जाईल' म्हणून धीर दिला होता. 'स्वान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १९९० च्या दशकापासून हजारो बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २०१५ साली त्यातून जे बाहेर आलं त्यानुसार, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यातल्या निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ होत राहिला. पाळी चालू असतानाच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांना आणखी जास्त. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. दात आवळून काढायची ही मुदत नव्हे, एवढंच म्हणायचंय. सात वर्षं झोपेविना नोकरी, घर, म्हातारी माणसं, वयात येणारी मुलं हे सगळं ओढायचं, आणि कुणाला सांगायचं नाही?

आईचं मला आता आठवतं. मी शाळेत असताना कधी रात्री पाणी प्यायला उठले की ती दिव्याखाली शिवणाचा डबा उघडून बसलेली असायची. सुटी बटणं, उसवलेल्या शिवणी. "झोप जा, मला एवढं संपवायचंय," म्हणायची. त्या वेळी वाटायचं, हिला दिवसा वेळ मिळत नाही. तिचं ते वय माझ्या आजच्या वयाएवढंच होतं. तिने कधी एका शब्दाने काही सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

आता पहाटे तीनच का? बहुतेकजणी नेमकी हीच वेळ सांगतात, दोन ते चारच्या मधली. त्यात गूढ काही नाही. आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली झोपेचं एक प्रारूप मांडलं, ते आजही वापरात आहे. दिवसभर जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते, आणि तिच्याबरोबर शरीराचं आतलं घड्याळ आपल्या गतीने चालत असतं. गाढ झोप बहुतेक सगळी रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. तीन वाजेपर्यंत भुकेचा मोठा भाग भागलेला असतो, झोप हलकी झालेली असते आणि पहाटेच्या तयारीसाठी कॉर्टिसॉल हे शरीराला जागं करणारं हार्मोन चढू लागलेलं असतं. या वेळी कुणालाही सहज जाग येते. तिशीतल्या बाईला येते तेव्हा ती कूस बदलून पुन्हा झोपते, सकाळी तिच्या लक्षातही नसतं. आपल्याला मात्र त्याच वेळी वाफ येते, धडधड होते, डोळे पूर्ण उघडतात, आणि परत झोपेत ढकलायला भूक उरलेली नसते.

इथून पुढे दुसरी गोष्ट सुरू होते.

जाग आल्यावर आपण पहिलं काय करतो? वेळ बघतो. तीन वाजून दहा मिनिटं. लगेच हिशोब: आत्ता लागली तर साडेतीन तास मिळतील. तीन चाळीसला पुन्हा हिशोब. मग उद्याची कामं, त्यातलं सगळ्यात अवघड काम, ते आपल्याच्याने होणार नाही ही खात्री. मग मुलाचं वागणं, कुणाचं तरी जुनं बोलणं, आपली तब्येत. पहाटे तीनला माणसाला कुठलीच गोष्ट आटोक्यातली वाटत नाही. त्या वेळी मनात आलेल्या कुठल्याही निष्कर्षावर विश्वास ठेवू नये, असं मी स्वतःला बजावून ठेवलं आहे. (मात्र ती उदासी दिवसाही उतरत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते लगेच डॉक्टरांना सांगायलाच हवं. या वर्षांत नैराश्याचा धोका खरोखर वाढतो.)

दुसऱ्या दिवशी आपण भरपाई करायला जातो. दुपारी पडतो, रात्री नऊलाच अंथरूण धरतो, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळतो. यातलं प्रत्येक पाऊल अगदी साहजिक आहे आणि प्रत्येक पाऊल पुढची रात्र आणखी बिघडवतं, कारण झोपेची भूक साठतच नाही. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात निद्रानाशाची तीन अंगं सांगितली: मुळातली प्रवृत्ती, सुरुवात करून देणारी घटना, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी. मेनोपॉज हे मधलं अंग. वाफा कमी झाल्या तरी कितीतरी जणींची झोप परत येत नाही, कारण तोवर तिसऱ्या अंगाने पाय रोवलेले असतात. अंथरूण म्हणजे धडपडण्याची जागा, हे मेंदूने पक्कं धरलेलं असतं.

यावरच्या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा असं सांगितलं. त्याच वर्षी मेनोपॉजच्या काळातल्या, वाफांचा त्रास असलेल्या बायकांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्षही आले. हा उपचार त्यांना फोनवरून दिला होता. त्यांची झोप चांगलीच सुधारली. वाफा तेवढ्याच येत राहिल्या, पण त्यांचा जाच कमी झाला. जाग येणं आणि जाग न जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मी हा उपचार घेतला तो एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडून. आधी झोपेची डायरी. अंथरुणात कधी गेले, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळ जागी होते, उठले कधी. घड्याळ न बघता, सकाळी, अंदाजानेच लिहायचं. त्यातून दिसलं की मी साडेआठ-नऊ तास अंथरुणात असते आणि झोपते साधारण साडेपाच तास. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी गारच झाले. अंथरुणातला वेळ साडेपाच-सहा तासांवर आणायचा. रात्री साडेबाराच्या आत आडवं व्हायचं नाही आणि सकाळी साडेसहाला, रात्र कशीही गेली तरी, उठायचंच.

ज्या बाईला झोप नाही तिला आणखी कमी झोपायला सांगायचं! सुरुवातीचे दिवस खरोखर हालाचे होते. रात्री अकरा वाजता डोळ्यांत वाळू पडल्यासारखं व्हायचं. बसले तर पेंगायचे, म्हणून स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीबाही आवरत राहायची. घरातले झोपून गेलेले, आणि मी एक-एक कप्पा पुसतेय. या दिवसांत गाडी चालवायची नाही, हे त्यांनी बजावलं होतं. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये, कमी झोपेने त्यांचा आजार उसळू शकतो. साडेबाराला अंथरुणात शिरले की मात्र विहिरीत दगड टाकावा तशी झोप लागायची. झोपेची भूक परतली होती. हळूहळू तीनला जागं राहण्याचा वेळ कमी होत गेला. अंथरुणातल्या वेळेपैकी निदान ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की मुदत पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची, असा त्यांचा हिशोब.

दुसरा नियम रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ सालीच सांगितलेला: झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं. दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिवा, कंटाळवाणं काम, आणि पापण्या जड झाल्या की परत. मोबाइल नाही. यात अवघड होतं ते उठणं. थंडीत ऊबदार पांघरुणातून बाहेर पडायला मन तयार होत नाही, आणि 'आत्ता लागेल' ही आशा सुटत नाही. ते जमलं, तेव्हा मला आईचा तो शिवणाचा डबा कळला. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जाग येण्याच्या मुळावरचे उपाय डॉक्टरांकडे आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात परिणामकारक उपायाची भीती अजून घराघरांत आहे. २००२ साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) यांच्या गोळ्यांचा भाग मध्येच थांबवला गेला, स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं म्हणून. जगभर डॉक्टरांनी आणि बायकांनी हार्मोन्स एका झटक्यात सोडली. ती वाढ किती होती? वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ जादा. आणि त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. म्हणजे ज्या वयात वाफांसाठी हार्मोन्स सुरू करतात त्याच्या बऱ्याच पुढचं. गर्भाशय काढलेल्या ज्या बायकांना त्याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. आज तज्ज्ञांचं मत असं आहे की वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, दुसरी काही अडचण नसेल तर त्रास असलेल्या बहुतेक बायकांना हार्मोन्सचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. अडचणी मात्र नीट बघायच्या: स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. कातडीतून दिलेल्या इस्ट्रोजेनने, म्हणजे पॅच किंवा जेलने, गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. गर्भाशय असेल तर अस्तर जाड होऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन जोडीला लागतंच. ते रात्री झोपताना घेतलं की थोडी गुंगीही आणतं, वर सांगितलेल्या त्याच ॲलोप्रेग्नॅनोलोनमुळे.

हार्मोन्स नको असतील किंवा चालत नसतील तर कमी मात्रेतली काही नैराश्यविरोधी औषधं किंवा गाबापेंटिन वाफा कमी करतात. सुती चादर, उशाशी पंखा, खोली थंड ठेवणं हे जरूर करावं, बरं वाटतं. त्याने वाफा थांबत नाहीत, एवढंच. दुपारनंतर कॉफी नको, कारण पाच-सहा तासांनीही तिचा निम्मा अंमल उरतो. दारू झोप आणते आणि उत्तररात्री तीच मोडते. झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या ठीक. सवय लागली की सोडवणं हे आणखी एक दुखणं होऊन बसतं. आणि 'हार्मोन संतुलित करणाऱ्या' पुड्या-कॅप्सूल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. थकलेल्या बाईला काहीही विकता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. या वयातली प्रत्येक जाग मेनोपॉजची नसते. माझी एक मैत्रीण कितीतरी काळ 'पाळी जातेय, म्हणून' असं म्हणत राहिली. सकाळी डोकं दुखायचं, दिवसभर ग्लानी. तिला झोपेत श्वास थांबण्याचा आजार, स्लीप ॲप्निया निघाला. पाळी गेल्यावर बायकांत याचं प्रमाण वाढतं, पण घोरणाऱ्या जाड पुरुषाचं चित्र डोक्यात असल्याने बायकांच्या बाबतीत तो कुणाच्या मनात येत नाही. थायरॉइड जास्त झाला तरी घाम, धडधड, झोपमोड अगदी अशीच होते. लघवीला सारखं उठावं लागत असेल तर त्याचेही वेगळे उपचार आहेत. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी वाट बघायची नाही.

ताईचं असंच झालं. तिला वाफा थोड्याच, पण रात्री पाय स्वस्थ बसू देईनात. "आतून मुंग्या सरपटतात गं, उठून चालले की थांबतात." डॉक्टरांनी एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, तपासलं, ते नॉर्मल आलं, आणि तिला सांगण्यात आलं की काही झालेलं नाही, वयाप्रमाणे चालायचंच. खरं तर पंचेचाळिशीनंतर लक्षणं असतील तर ही तपासणी सहसा लागतच नाही, ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१५ पासूनच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. आकडा महिन्यागणिक बदलतो, त्यामुळे एका दिवसाच्या नॉर्मलला अर्थ नसतो. ती रिपोर्ट पिशवीत घालून घरी आली आणि रडली.

पुढच्या वेळी मी तिच्याबरोबर बसून सगळं कागदावर लिहून काढलं. दोन आठवड्यांची झोपेची डायरी. जाग येते तेव्हा घाम असतो की पाय. पाळी किती दिवस, किती जास्त, गाठी पडतात का. भाऊजींना विचारून: घोरते का, श्वास अडकतो का. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कुणाला गुठळ्या. आणि अगदी शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात एक वाक्य घातलं: 'मला हे सहन करायचं नाही.'

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी तो कागद सावकाश वाचला. पाळीत इतकं जातंय म्हणून सोनोग्राफी सांगितली आणि रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, बघितलं. ते फारच कमी होतं. लोह कमी पडलं की पाय असे अस्वस्थ होतात; फेरिटिन ७५ च्या आत असलं तरी अशा पायांसाठी लोह देण्याचा विचार करतात, मग लॅबच्या कागदावर ते नॉर्मल छापलेलं का असेना. ताईचं लोह सुरू झालंय, अंगावरून जाण्यावर उपचार चालू आहेत, आणि पाय आता बऱ्याच रात्री गप्प असतात. वाफा वाढल्या तर हार्मोन्सचं बघू, असं ठरलंय. पुढची भेट तीन महिन्यांनी आहे, आणि डायरी ती अजून लिहितेय.